आसा, पण गावना नाय!

आषाढातील रात्र होती. मालवणात दिवसभर पाऊस लागून राहिला होता आणि संध्याकाळपासून विजेची ये-जा चालू होती. साडेनऊच्या सुमारास वहिनींचा फोन आला, "भावोजी, जरा येता काय? ह्यांच्या छातीत भरून आल्यासारखं होतंय." माझे थोरले बंधू अण्णा यांचे वय ७८. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे झाली. मी धावतच गेलो. शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि आम्ही अण्णांना जवळच्या रुग्णालयात नेले.

तेथील डॉक्टरांनी तत्काळ ईसीजी काढला. आलेख पाहून त्यांनी विचारले, "यांचा यापूर्वीचा एखादा ईसीजी आहे का? हृदयाच्या डाव्या बाजूच्या विद्युतवहनात अडथळा दिसतो आहे. तो जुना आहे की आजचाच, हे कळले तर बरे होईल." खाटेवरून अण्णा हळू आवाजात म्हणाले, "आसा. कॉम्प्युटरात आसा."

मी घरी परतलो. संगणक सुरू होण्यासच दहा मिनिटे गेली. सुरू होताच 'सी ड्राइव्हमध्ये जागा शिल्लक नाही' अशी सूचना झळकली. पडद्यावर चिन्हांची नुसती गर्दी. 'स्कॅन १', 'स्कॅन १ प्रत', 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २', 'महत्त्वाचे', 'अति महत्त्वाचे'. मी एकेक उघडून पाहत राहिलो. त्यांत सातबारा सापडला, नातीच्या बारशाची छायाचित्रे सापडली, वीजबिले सापडली. ईसीजी मात्र सापडला नाही. अर्ध्या तासाने वीज गेली आणि शोध तेथेच थांबला.

जुना आलेख हाती नसल्याने डॉक्टरांनी हा बदल नवा आहे असे धरून पुढील पावले उचलली. त्यांनी योग्य तेच केले. मध्यरात्रीनंतर भर पावसात रुग्णवाहिकेतून अण्णांना गोव्यातील मोठ्या रुग्णालयात हलविले. वहिनी सारी वाट त्यांचा हात धरून बसल्या होत्या. तपासण्या झाल्या आणि सुदैवाने तो हृदयविकाराचा झटका नव्हता. अण्णा तीन दिवसांनी घरी आले. चौथ्या दिवशी आम्ही दोघे संगणकासमोर बसलो आणि तासाभराच्या शोधानंतर तो ईसीजी सापडला. तीन वर्षांपूर्वीचा तोच अडथळा, तसाच. खुर्चीत मागे टेकून अण्णा म्हणाले, "बघ. सगळा आसा रे, पण गावना नाय."

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, बोलणे अडखळत असेल, तर कागद अथवा फाइल शोधण्यात एक क्षणही दवडू नये. आधी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. कागदपत्रांची व्यवस्था करावयाची ती अशी वेळ येण्यापूर्वी, स्वस्थ चित्ताने. आजचा लेख त्या व्यवस्थेविषयी आहे.

चूल आणि कोठी

आज अनेक घरांतील संगणकांत दोन ड्राइव्ह असतात. अण्णांच्या संगणकाची कथा बहुतेकांच्या परिचयाची असेल. संगणक फार मंद झाला म्हणून दोन वर्षांपूर्वी दुरुस्ती करणाऱ्याने त्यात नवी एसएसडी बसवून दिली. ती २५६ जीबीची. जुनी एक टीबीची हार्ड डिस्कही आतच राहिली. नवी झाली 'सी' आणि जुनी झाली 'डी'. (या नावांत 'ए' आणि 'बी' का नाहीत, हे अण्णांच्या पिढीला सांगावे लागणार नाही. ती अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेली, अक्षरे रिकामी राहिली.)

दोन्हींचा स्वभाव भिन्न आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरत असतात. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. तिच्यात जागा पुष्कळ, पण वेग कमी. एसएसडीमध्ये हलणारा कोणताही भाग नसतो. तिचा वेग मोठा, पण घरगुती संगणकांत तिची जागा बहुधा मर्यादित असते. त्यामुळे कोणती वस्तू कोठे ठेवावी, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

त्याचे उत्तर आपल्या जुन्या घरांत आहे. मातीची चूल जमिनीत बसविलेली असते. ती उचलून दुसऱ्या खोलीत नेता येत नाही. नेऊ गेल्यास हाती ढेकळे येतात. दुसरीकडे चूल हवी असेल तर ती तेथे नव्याने घालावी लागते. कोठीतील तांदळाचे तसे नाही. कणगीतून पिंपात, पिंपातून डब्यात, कोठेही न्या, तांदूळ तांदूळच राहतो. संगणकातील प्रोग्रॅम म्हणजे चूल आणि फाइली म्हणजे धान्य. प्रोग्रॅम ज्या जागी बसविला जातो, तेथील पत्ता विंडोज आपल्या अंतर्गत नोंदवहीत लिहून ठेवते. फोल्डर उचलून दुसरीकडे नेला की पत्ता चुकतो आणि प्रोग्रॅम बंद पडतो. पत्र, छायाचित्र, अहवाल यांचे मात्र स्थलांतर निर्धास्तपणे करता येते.

आमच्याकडे नेमकी हीच चूक घडली होती. आदल्या वर्षी चतुर्थीला आलेल्या पुतण्याने सी ड्राइव्ह भरलेला पाहिला आणि जागा करण्यासाठी 'प्रोग्रॅम फाइल्स'मधील स्कॅनरचा फोल्डर उचलून डी ड्राइव्हमध्ये टाकला. हेतू चांगला होता. परंतु त्या दिवसापासून स्कॅनर बंद पडला आणि अण्णा अहवालांचे मोबाइलवर फोटो काढून ते मिळेल त्या जागी साठवू लागले.

यावरून पहिला नियम असा: प्रोग्रॅम सीमध्ये, फाइली डीमध्ये. यामागे जागेच्या हिशेबाहून मोठे कारण आहे. प्रोग्रॅम गेला तर पुन्हा बसविता येतो. तीन वर्षांपूर्वीचा ईसीजी, आईचे शेवटचे छायाचित्र, स्वतः लिहिलेल्या आठवणी पुन्हा आणता येत नाहीत. जे पुन्हा मिळू शकते आणि जे मिळू शकत नाही, ते वेगवेगळ्या जागी असावे. उद्या विंडोज बिघडून ती नव्याने बसवावी लागली, तर सी पुसला जातो. डी ही स्वतंत्र डिस्क असेल तर तिला हात लावण्याची गरज पडत नाही.

आधी पाहणी

व्यवस्था लावण्याची घाई करू नये. पहिल्या दिवशी काहीही हलवू नये आणि काहीही पुसू नये. केवळ पाहावे. रोज अर्धा तास, असे चार-पाच दिवस पुरतात.

प्रथम हे पाहावे की सी आणि डी खरोखरच दोन वेगळ्या डिस्क आहेत का. पुष्कळ संगणकांत एकाच डिस्कचे दोन भाग करून त्यांना सी आणि डी अशी नावे दिलेली असतात. एका खोलीत मध्ये पडदी घातली म्हणजे दोन घरे होत नाहीत; डिस्क निकामी झाली तर दोन्ही भाग एकदमच जातात. खात्री करण्यासाठी स्टार्टच्या बटणावर माउसचे उजवे बटण दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. तेथे 'डिस्क ०' आणि 'डिस्क १' अशा दोन ओळी दिसल्या आणि सी एका ओळीत व डी दुसरीत असला, तर डिस्क दोन आहेत. हे केवळ पाहण्याचे ठिकाण आहे. तेथील कोणत्याही आज्ञेला हात लावू नये.

दुसरे, एसएसडी बसविताना जुनी डिस्क तशीच ठेवली असेल, तर तिच्यात पूर्वीच्या विंडोजचे अवशेष असण्याची शक्यता असते: 'विंडोज', 'प्रोग्रॅम फाइल्स', 'युजर्स' असे फोल्डर. पहिल्या दोहोंचा आता उपयोग नाही. 'युजर्स'ला मात्र जपावे. जुन्या संगणकावरील 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' आणि 'डेस्कटॉप' त्यातच दडलेले असतात. अण्णांचा ईसीजी तेथेच होता. एसएसडी बसविल्यावर नवा डेस्कटॉप रिकामा दिसला, तेव्हा अण्णांना वाटले की जुने सारे पुसले गेले. ते पुसले गेले नव्हते. घर बदलले होते आणि जुन्या घराच्या माळ्यावर ट्रंक तशीच होती.

तिसरे, बदल करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. ती हाती असल्याखेरीज पुढे जाऊ नये.

प्रोग्रॅमची निवड

अण्णांच्या संगणकावर चाळीसहून अधिक प्रोग्रॅम निघाले. त्यांतील किती वापरता, असे विचारल्यावर त्यांनी बोटांवर मोजले: इंटरनेटचा ब्राउझर, मराठी टंकलेखन, पीडीएफ वाचण्याचा प्रोग्रॅम, छायाचित्रे पाहण्याचा, स्कॅनरचा आणि नातवंडांशी बोलण्यासाठी व्हिडिओ कॉलचा. एकूण सहा.

नको असलेला प्रोग्रॅम काढताना त्याचा फोल्डर पुसू नये. 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲप्स'च्या यादीत जाऊन 'अनइन्स्टॉल' निवडावे. असे केल्याने विंडोजच्या नोंदवहीतील नोंदही निघते. ज्याचे नाव ओळखीचे नाही, ते काढू नये; ध्वनी, पडदा, छपाईयंत्र यांना लागणारे प्रोग्रॅम अनोळखी नावांनीच वावरतात. हलविलेल्या स्कॅनरच्या बाबतीत आम्ही तो प्रोग्रॅम काढून टाकला आणि नव्याने बसविला. वीस मिनिटांत स्कॅनर चालू झाला. चूल पुन्हा घातली, इतकेच.

मोठा प्रोग्रॅम डीमध्येच हवा असेल, तर बसवितानाच तसे ठिकाण निवडता येते का ते पाहावे. बसवून झाल्यावर ओढू नये. सी ड्राइव्हचा पाचवा हिस्सा तरी मोकळा राहील असे पाहावे. विंडोजला स्वतःच्या अद्ययावतीकरणासाठी आणि रोजच्या कामासाठी मोकळी जागा लागते. ती न मिळाल्यामुळेच त्या रात्री संगणक सुरू होण्यास दहा मिनिटे लागली.

मराठी लिहिणाऱ्या ज्येष्ठांसाठी आणखी एक सूचना. युनिकोडपूर्व काळात टंकलिखित केलेल्या फाइली त्या काळच्या विशिष्ट फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत; अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे दिसतात. असे लेखन असेल तर जुना फॉन्ट काढू नये. तो असेपर्यंतच त्या फाइलींच्या पीडीएफ प्रती करून ठेवाव्यात. अण्णांच्या शाळेच्या आठवणींची साठ पाने अशीच वाचली.

आणि एक सावधगिरी. "तुमचा संगणक बिघडला आहे, आम्ही दुरून दुरुस्त करतो" असा अनोळखी फोन आला, तर तो तत्क्षणी बंद करावा. त्याच्या सांगण्यावरून कोणताही प्रोग्रॅम बसवू नये. फसवणूक झाल्याची शंका येताच १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे.

फाइलींचे घर

डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमध्येच असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पडद्यावर ठेवलेली प्रत्येक मोठी फाइल सीमधील जागा व्यापते. 'डाउनलोड्स'ही तेथेच. म्हणून 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' हे फोल्डर डीमध्ये न्यावेत. त्यासाठी विंडोजने रीतसर सोय केली आहे. आधी डीमध्ये प्रत्येकासाठी स्वतंत्र नवा फोल्डर करावा. मग 'डॉक्युमेंट्स'वर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज', त्यात 'लोकेशन' आणि तेथे 'मूव्ह' निवडून तो नवा फोल्डर दाखवावा. जुन्या फाइलीही हलवू का, असे विचारल्यावर होकार द्यावा. नवा फोल्डर न करता थेट डी ड्राइव्हच दाखविण्याची चूक करू नये. मग सारा ड्राइव्हच 'डॉक्युमेंट्स' होऊन बसतो आणि मोठा गोंधळ उडतो. वनड्राइव्हसारखी सेवा चालू असेल, तर या फोल्डरांचा ताबा आधीच तिच्याकडे असतो. तशा वेळी जाणकाराला विचारून मगच हात घालावा.

यानंतर विभागणी. अण्णांनी स्वतः पाच फोल्डर ठरविले: आरोग्य, घर व जमीन, बँक व पेन्शन, छायाचित्रे, लेखन. पाचांहून अधिक नकोत, असा त्यांचाच आग्रह होता आणि तो रास्त होता. 'आरोग्य'मध्ये अण्णा आणि वहिनी यांचे वेगळे फोल्डर. वहिनींना मधुमेह आहे आणि दोघांचे अहवाल एकत्र झाल्याने यापूर्वी एकदा घोटाळा होता होता टळला होता.

फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यानंतर विषय लिहावा. उदाहरणार्थ, '२०२४-०३-१५ ईसीजी अण्णा'. असे केले की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. अंक मराठी वापरावेत की इंग्रजी, हे एकदाच ठरवावे. दोन्ही मिसळले तर क्रम बिघडतो. क्रमाचा लाभ वैद्यकीयही आहे. क्रिएटिनिन, एचबीए१सी, हिमोग्लोबिन यांचा एकटा आकडा डॉक्टरांना थोडेच सांगतो. तीन वर्षांचे आकडे ओळीने दिसले की प्रकृतीची दिशा कळते.

एका अपवादाची नोंद घ्यावी. सीटी स्कॅन आणि एमआरआय यांच्या सीडी मिळतात. त्यांत प्रतिमांबरोबरच त्या पाहण्याचा छोटा प्रोग्रॅमही असतो. येथे धान्य आणि चूल एकत्रच नांदतात. म्हणून सीडीतील निवडक फाइली न घेता संपूर्ण सीडी एका फोल्डरात जशीच्या तशी उतरवावी आणि फोल्डरला तारखेसह नाव द्यावे. नव्या संगणकांत सीडी घालण्याची सोयच बहुधा नसते आणि दमट हवेत सीडीही खराब होतात. हे काम लवकर उरकावे.

'आरोग्य' फोल्डरमध्ये सर्वांत वर एकच पान असावे. त्यावर चालू औषधे व त्यांचे प्रमाण, कोणत्या औषधाची ॲलर्जी, पूर्वीचे आजार व शस्त्रक्रिया, रक्तगट, नेहमीच्या डॉक्टरांचा आणि जवळच्या नातलगाचा क्रमांक. आयुष्मान भारत डिजिटल मिशनखालील चौदा अंकी आभा क्रमांक काढला असेल तर तोही. औषध बदलले की पान बदलावे आणि त्यावर तारीख घालावी. या पानाच्या दोन छापील प्रती ठेवाव्यात, एक औषधांच्या डब्यात आणि एक रुग्णालयात न्यावयाच्या पिशवीत. शेवटच्या ईसीजीची छापील प्रतही याच पिशवीत असावी. ती त्या रात्री असती तर हा लेख लिहिण्याचे कारणच पडले नसते.

डी ड्राइव्ह म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे

येथे अनेकांची गल्लत होते. फाइल डीमध्ये आहे म्हणजे ती सुरक्षित आहे, असा समज असतो. सी आणि डी एकाच पेटीत, एकाच विजेवर चालतात. वीज कडाडून एकाच वेळी दोन्ही जाऊ शकतात. आपल्या किनाऱ्यावर खारी, दमट हवा बारा महिने आहे. पावसाळ्याचे चार महिने वीज कधी जाईल आणि किती दाबाने परत येईल, याचा नेम नसतो. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत सरकले, तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ले परिसरात झाडे आणि विजेचे खांब कोसळले आणि कित्येक वाड्या अनेक दिवस अंधारात राहिल्या. त्या दिवसांत ज्यांची सारी माहिती केवळ संगणकात होती, त्यांना ती असून नसल्यासारखीच होती.

म्हणून महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात. पहिली डी ड्राइव्हवर. दुसरी बाहेरच्या डिस्कवर. ही डिस्क प्रत घेताना तेवढी जोडावी आणि काम झाले की काढून ठेवावी. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कला वीज आणि संगणकातील विषाणू दोघेही सोडत नाहीत. ती सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. तिसरी प्रत घराबाहेर असावी, मुंबई-पुण्यातील मुलाकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यात. गुगलकडे १५ जीबीपर्यंत जागा विनामूल्य मिळते. अहवालांसाठी ती विपुल आहे. मात्र सतत जुळवून घेणाऱ्या साठ्यात एका ठिकाणी पुसलेले दुसऱ्या ठिकाणीही पुसले जाते, हे ध्यानी ठेवावे. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यास उत्तम, परंतु एकमेव प्रत म्हणून तिच्यावर विसंबू नये.

प्रत घेण्याचा दिवस ठरलेला असावा. अण्णांनी पेन्शन जमा होण्याचा दिवस निवडला. वर्षातून एकदा, नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्याच्या सुमारास, प्रतीतील दोन-चार फाइली उघडूनही पाहाव्यात. उघडत नसेल तर ती प्रत काय कामाची? विजांचा कडकडाट सुरू होताच संगणक रीतसर बंद करून प्लग भिंतीपासून काढावा. यूपीएस असेल तर त्याचा उपयोग काम पुढे चालविण्यासाठी नसून संगणक नीट बंद करण्यासाठी आहे, असे मानावे.

काळजीवाहकांसाठी

आता दोन शब्द मुला-सुनांसाठी, नातवंडांसाठी. पुतण्याने गेल्या वेळी एका रात्रीत "बाबा, सगळं साफ करून दिलंय" म्हणून संगणक लखलखीत केला होता. त्यानंतर सहा महिने अण्णांना त्यात काही सापडत नव्हते आणि आपल्याच विस्मरणाचा हा दोष आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. "आता डोका चालना नाय," असे ते वहिनींना म्हणत. डोके ठीक होते. वस्तूंच्या जागा बदलल्या होत्या. वृद्ध माणसाच्या घरातील भांडी त्यास न विचारता हलवू नयेत, तसेच संगणकाचे आहे.

शेजारी बसावे आणि माउस त्यांच्या हाती द्यावा. फोल्डरांना त्यांनी सुचविलेली मराठी नावे द्यावीत. एखादी फाइल ठेवावी की काढावी, याचा निर्णय त्यांचा असावा. शंका असल्यास 'पाहावयाचे' नावाच्या फोल्डरात टाकावी, पुसू नये. पडद्यावर पाच फोल्डरांचे आणि सहा प्रोग्रॅमचे शॉर्टकट पुरेत. शॉर्टकट म्हणजे दाराची पाटी, घर नव्हे, हे एकदा समजावून सांगावे. चिन्हांच्या जागा एकदा ठरल्या की बदलू नयेत. ज्यांची स्मरणशक्ती क्षीण होत आहे, त्यांना नावापेक्षा जागा अधिक काळ आठवते, असा अनुभव पुष्कळ घरांत येतो. अक्षरांचा आकार 'डिस्प्ले' सेटिंगमधून दीडशे टक्क्यांपर्यंत वाढवावा. दर वीस मिनिटांनी नजर दूर न्यावी आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. व्यवस्था लावण्याच्या उत्साहात तीन तास एका जागी बसून पायांना सूज आणू नये.

शेवटी, कोठे काय ठेवले आहे हे एका वहीत लिहावे. एक पान पुरते. पासवर्ड बंद पाकिटात, घरातील विश्वासाच्या एका व्यक्तीला ठाऊक असलेल्या जागी असावेत. संकटाच्या रात्री फाइल शोधणारी व्यक्ती बहुधा ती ठेवणारी नसते. त्या रात्री ती मी होतो.

आम्हाला या साऱ्याला अकरा दिवस लागले. रोज सायंकाळी चहानंतर अर्धा तास. कामाचे निमित्त झाले खरे; पण त्या अर्ध्या तासांत अण्णांनी प्रत्येक छायाचित्राची कथा सांगितली. आमच्या वडिलांचा एकुलता एक फोटो डी ड्राइव्हवर तीन ठिकाणी सापडला आणि तिन्ही ठिकाणी त्याला नाव नव्हते. आता आहे.

चतुर्थी जवळ आली आहे. चाकरमानी गावी येतील. मुलगा किंवा नातू संगणकाला हात लावू पाहील, तेव्हा त्यास प्रेमाने शेजारी बसवून घ्यावे आणि हे काम दोघांनी मिळून हाती घ्यावे. ते झाल्यावर एक परीक्षा जरूर घ्यावी. गेल्या आठवड्यात आम्ही ती घेतली. वहिनी आजवर संगणकापाशी कधी बसल्या नव्हत्या. वही पुढ्यात घेऊन त्यांनी संगणक सुरू केला, 'आरोग्य' उघडले, 'अण्णा' उघडले आणि त्यांचा शेवटचा ईसीजी पडद्यावर आणला. दोन मिनिटेही लागली नाहीत. अण्णा खुर्चीमागे उभे राहून पाहत होते. म्हणाले, "गावला!"